अस्तरावर अस्तर

प्रिय ठोंब्या,

तुझं पाकीट काल पोचलं. अधाशासारखं फोडलं मी ते, म्हटलं केली असशील एकदाची सही. आत वकीलपत्राचा तोच कागद, जसा पाठवला तसा परत. सही कुठे करायची ते कळावं म्हणून मी पेन्सिलीने फुली मारून दिली होती, तर फुली तेवढी जागेवर आहे. आणि मागच्या बाजूला तुझ्या त्या किरट्या अक्षरात, अपील नको, आप्पांना जप. संपलं. सात वर्षांची शिक्षा झालेला माणूस थोरल्या बहिणीला चार शब्द लिहितो, त्यातले दोन बापासाठी. अरे, जेवताना भाजी नको म्हणावं तसं अपील नको म्हणतोस? मी तो कागद उलटा केला, सुलटा केला, पाकीट झटकून बघितलं, म्हटलं आणखी एखादी चिठ्ठी असेल. नव्हती.

साठ दिवसांची मुदत असते हे तुला भेटीच्या जाळीतून ओरडून ओरडून सांगितलंय. त्यातले एक्केचाळीस गेले. त्या एक्केचाळिसात मी काय काय केलं ते ऐक जरा, म्हणजे तुझ्या चार शब्दांची किंमत तुला कळेल. तुझ्या निकालाची नक्कल मिळवायला चार खेपा घातल्या. पहिल्यांदा अर्ज आखीव कागदावर हवा होता. दुसऱ्यांदा तुझ्याशी नातं काय ते लिहायचं राहिलं होतं. तिसऱ्यांदा कारकून जेवायला गेला होता, आणि तो जेवायला गेला की खिडकीवर लिहून जात नाही, त्यामुळे मी दीड तास एका रिकाम्या खुर्चीसमोर रांग लावून उभी होते, माझ्यामागे आणखी सात जण. चौथ्यांदा नक्कल मिळाली, तर मधलं एक पान उलटं छापलेलं. ते मी तसंच घेतलं. म्हटलं, उलटं तर उलटं, माझी मान आहे ना वळायला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी काही शहाणी नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, त्यामुळे मी चढले. नव्या वकीलबाई बसतात चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीची लिफ्ट मी जाईन त्या दिवशी बंद असते.

बाई मात्र चांगल्या आहेत. तुझ्या आधीच्या वकिलासारख्या नाहीत, त्याला तर शेवटपर्यंत आपलं दुकान बॅगा विकण्याचं आहे असंच वाटत होतं. या बाई चष्मा कपाळावर ढकलून प्रत्येक कागद नाकाजवळ नेऊन वाचतात आणि वाचताना बोलत नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चाळीस मिनिटं नुसती त्यांच्या पंख्याकडे बघत बसले होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. तुमचा भाऊ खोटं बोलला का कोर्टात? मला इतका राग आला म्हणून सांगू. मी म्हटलं, आमच्या घरात कुणी खोटं बोलत नाही. त्यांनी फक्त मान हलवली आणि पुन्हा वाचायला लागल्या.

दुकान मी चालवतेय, हे तुझ्या बायकोने सांगितलं असेलच. सकाळी माझ्या घरचं आवरून दहाला कुलूप उघडते. बॅगांची चाकं बदलते, मुठी बसवते, अडकलेल्या चेनी सोडवते. हात विसरलेले नाहीत. लग्नाआधी तुझ्यापेक्षा सरळ टाका मीच घालायची, आठव. गिऱ्हाइकं तुझी चौकशी करतात. तीनकुलपी येऊन गेल्या, अजून त्यांना तीन कुलपं पुरत नाहीत, चौथं लावून दे म्हणाल्या. खोकलेबुवा त्यांची जुनी पत्र्याची पेटी घेऊन आले आणि पाऊण तास खोकून पेटी तशीच घेऊन परत गेले. सगळे आपल्या चिठ्ठीवरच्या नावांनीच डोक्यात बसलेत. खरी नावं मला एकाचीही माहीत नाहीत, आणि तीच तर सगळी बोंब आहे.

आप्पांची ती पद्धत. चिठ्ठीचे दोन तुकडे, एक बॅगेला, एक गिऱ्हाइकाच्या हातात, आणि दोन्हीवर गिऱ्हाइकाचं नाव नाही, त्याची खोड. आप्पा म्हणायचे, नावं दहा जणांची सारखी असतात, खोड ज्याची त्याची असते. चाळीस वर्षांत एक बॅग बदलली नाही, हे खरं. पण पोलिसांनी जेव्हा विचारलं की ही राखाडी सूटकेस कुणाची, तेव्हा तू काय सांगितलंस? घाईवाल्याची. ते हसले असतील तर मी त्यांना दोष देणार नाही. त्या माणसाने फोन करून तुला सांगितलं की मला निघायचंय, बॅग बसस्टँडवर आणून दे, आणि तू आज्ञाधारक बाळासारखा निघालास. स्टँडवर तपासणी चालली होती. बॅग तुझ्या हातात, अस्तर टरकावलं तर खाली गर्दची चार चपटी पुडकी, आणि घाईवाला इतक्या घाईत की आलाच नाही. त्याचा फोन त्या दिवसापासून बंद आहे. निकालात लिहिलंय, घाईवाला नावाचा काल्पनिक इसम. चिठ्ठी काय, कुणीही लिहून बांधेल, असंही लिहिलंय. ते वाचताना मला त्या न्यायाधीशांचा राग यायला हवा होता, पण राग आला तो तुमच्या दोघांच्या त्या खोडींचा.

बरं, तेही एक वेळ चाललं असतं. बाईंनी मला समजावून सांगितलं की वस्तू नुसती हातात सापडली म्हणजे झालं असं नसतं, आत काय आहे ते माहीत असायला हवं. तुला माहीत होतं हे दाखवताना सरकारी वकिलाला घाम फुटला असता. दुरुस्तीला आलेली बॅग, दुरुस्त करणारा पोचवायला निघालेला, त्याला काय ठाऊक आत काय आहे. पण तू त्या बिचाऱ्याला घाम फुटू दिला नाहीस. त्याने तुला विचारलं, अस्तर कुणी घातलं, आणि तू ताठ मानेने सांगितलंस की मी घातलं. जुनं अस्तर पूर्ण उसवून काढलं, आतला पुठ्ठा फडक्याने पुसून घेतला, मग नवं शिवलं, आमच्या दुकानात असंच काम होतं. शाबास. मग न्यायाधीशांनी तेच उचललं. आरोपी स्वतःच सांगतो की अस्तराखालचा भाग त्याने हाताने पुसला, मग पुडकी त्याला दिसली नाहीत हे कसं मानायचं? मी त्यांच्या जागी असते तर मीही मानलं नसतं. ते वाक्य नेमकं त्या उलट्या छापलेल्या पानावर होतं. मान वाकडी करून वाचलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

त्या पानामागे फोटो होते. मुद्देमालाचे. बाईंनी ते मला दाखवले आणि म्हणाल्या, तुम्ही या कामातल्या आहात, काही वेगळं दिसतं का बघा. मला दिसलं. पोलिसांनी कापलेल्या जागी वर आपलं कॉफी रंगाचं कापड आहे. त्याच्या खाली निळं, पट्ट्यापट्ट्याचं, कंपनीचं जुनं अस्तर आहे, आणि पुडकी त्या निळ्याच्या खाली आहेत. जुनं अस्तर कुणीही काढलेलं नव्हतं, ठोंब्या. त्याच्यावरच नवं ताणून शिवलेलं होतं. आणि निळ्याची कड कुणीतरी अडाण्याने पांढऱ्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली, तसला दोरा आपल्या दुकानात कधी आलाच नाही. म्हणजे पुडकी बॅगेबरोबरच आली होती. हे सगळं त्या एका फोटोत होतं, खटला चालला तेवढा काळ, आणि बघणाऱ्या एकालाही अस्तरातलं काही कळत नव्हतं. ज्याला कळत होतं तो पिंजऱ्यात उभा राहून पुठ्ठा पुसल्याच्या गोष्टी सांगत होता.

तेव्हा मला वाटलं की मला कळलं. दुकानात शिरताना समोर पाटी आहे, अस्तरावर अस्तर घालून मिळणार नाही. आप्पांनी स्वतः रंगवलेली. त्या पाटीखाली बसून तू अंगचोरी केलीस, आणि लाजेपोटी कोर्टात खोटं सांगितलंस, असं मी धरून चालले. लोकांनी गर्दविक्या म्हटलं तरी चालेल, पण कामचुकार म्हणता कामा नये. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. मागच्या भेटीत मी तुला हेच सगळं सुनावलं. मान खाली घालून नखाने त्या जाळीचा रंग खरवडत होतास. मी घरी येऊन नवऱ्यावर ओरडले, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना.

मग सुयांचं झालं. काउंटरवर डाव्या हाताला ती लाल कापडाची उशी असते ना, सुया खुपसायची. तुला पकडलं त्यानंतर मी दुकानात बसायला लागले, तेव्हा तिच्यात अकरा सुया होत्या, सगळ्या ओवून तयार, मेण लावलेला दोरा, टोकाला गाठसुद्धा मारलेली. मला वाटलं, तुझा आळशीपणा, एकदाच ओवून ठेवायच्या म्हणजे दिवसभर कटकट नको. आप्पा त्यातल्या एकेक काढून शिवत होते. महिनाभरात उशी रिकामी झाली, आणि आप्पांनी शिवायचं बंद केलं. अस्तराची कामं घेऊ नकोस म्हणाले. चाकांना तेल घालतो, मुठी पुसतो, तेवढं पुरे. मला वाटलं, तुझ्या दुःखाने मन लागत नसेल. दोनदा तर मी त्यांना चिडून म्हटलंसुद्धा की सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून तुम्ही फडकं घेऊन काय बसता. त्या बोलण्याची मला आज इतकी लाज वाटते की लिहितानासुद्धा पेन अडतोय.

दहा दिवसांपूर्वी तुझी बायको दुकानात आली होती, तुझ्यासाठी कपडे द्यायला. बोलता बोलता तक्रार करायला लागली, तू कसा रोज सकाळी घरकाम चुकवायला अर्धा तास आधी पळायचास. दुकान उघडायच्या आधी तिथे काय करतोस विचारलं तर म्हणायचास, सुया ओवतो. तिला वाटायचं थाप मारतोस, एवढ्या सुया कुणाला लागतात. मी तिचं बोलणं ऐकत होते आणि माझं लक्ष त्या रिकाम्या उशीकडे गेलं. मग पलीकडे आप्पांकडे. ते एका मुठीचा स्क्रू शोधत होते. स्क्रू त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर पडला होता, आणि ते लाकडावर बोटं फिरवत फिरवत त्याच्यापर्यंत गेले.

मी तुझ्या बायकोला चहा आणायला पाठवलं आणि फोटोची झेरॉक्स पुन्हा काढून बघितली. चिठ्ठीवरचं घाईवाला हे अक्षर तुझ्या किरट्या हातचं नाहीच मुळी. चांगलं अंगठ्याएवढं मोठं, रेघ सोडून वर चढत गेलेलं. अस्तराच्या तीन कडांचे टाके लांब, वाकडे, कुठे दोन बोटांचं अंतर, कुठे अर्ध्या बोटाचं. चौथी कड तेवढी तुझी, मुंगीच्या रांगेसारखी. म्हणजे आप्पांनी शिवलं, आणि तू येऊन एक कड उसवून पुन्हा घातलीस. खालचं निळं तेव्हा तुला दिसलं असणारच. तू काही बोलला नाहीस. बाकीच्या कडा तशाच ठेवल्यास, कारण सगळ्या उसवल्या असत्यास तर आप्पांना कळलं असतं की तुला कळलंय.

तुझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला आता स्वच्छ कळतं, आणि कळतं म्हणून राग कमी होतो असं समजू नकोस. अस्तर आप्पांनी घातलं असं सांगितलं असतंस तर पोलीस आप्पांच्या दारात आले असते. बरोबर. म्हणून तू म्हटलंस मी घातलं. इथवर मीही तेच केलं असतं. पण पुढे ती उसवण्याची, पुठ्ठा पुसण्याची फोडणी कशाला? पाटीसाठी? आप्पांच्या दुकानात अस्तरावर अस्तर पडलं हे चारचौघांत निघू नये म्हणून? त्यांना दिसत नाही हे बाजाराला कळू नये म्हणून? अरे, तुझी लेक चालायला लागली तेव्हा तू तिथे होतास. ती सात वर्षांनी आपली आपण शाळेत जात असेल. एका पाटीसाठी तू तेवढं सगळं देऊन टाकलंस, आणि आम्हाला विचारलंही नाहीस. वर आप्पांना कोर्टात आणू नका, त्यांची तब्येत सोसणार नाही, असा हुकूम सोडलास. आम्हाला वाटलं, किती काळजी. तू आत काय बोललास हे त्यांच्या कानावर जाऊ नये, एवढ्यासाठीच होतं ते.

नऊ दिवस मी गप्प बसले. आपलेच दात, आपलेच ओठ. आप्पांना विचारावं तर त्यांचं वय, न विचारावं तर तुझी मुदत. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, भाऊ तयार नसेल तर मी कुणाच्या नावाने काय लिहू? आणि काल तुझा तो बिनसहीचा कागद आला. मी काउंटरवर फेकला, तर आप्पांनी विचारलं की काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. अपील नको, आप्पांना जप. ते म्हणाले, मला कशाला जपायचं? खरं सांगते, तेव्हा माझा तोल गेला. मी पिशवीतून निकाल काढला आणि ते उलटं पान, मान वाकडी करून, मोठ्याने वाचलं. पुठ्ठा पुसल्यापर्यंत.

आप्पा बराच वेळ हातातलं फडकं घडी करत राहिले. उलगडायचे, पुन्हा घडी करायचे. मग खणातली एक रिकामी सुई काढली, दोऱ्याचं टोक काढलं, आणि दोन्ही माझ्यापुढे धरून म्हणाले, ओवून दे, मला दिसत नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी ओवून दिली. ती हातात धरून त्यांनी सगळं सांगितलं. तो माणूस आला तेव्हा तू सामान आणायला गेला होतास. तो म्हणाला, उसवू नका, वरूनच घाला, घाई आहे. एरवी असल्या गिऱ्हाइकाला आप्पांनी पाटी दाखवून परत पाठवलं असतं. पण त्यांना वर्षभरापासून जुना टाका दिसत नव्हता, उसवायला आरी कुठे घालायची कळत नव्हतं, आणि हा स्वतःच म्हणतोय उसवू नका. म्हणाले, मला बरं वाटलं गं, सुटल्यासारखं वाटलं. तू खरं काय ते सांगितलं असशील आणि तरीही शिक्षा झाली असेल, असंच ते इतके दिवस समजत होते. मी पाटी काढू का विचारलं. म्हणाले, पाटी राहू दे, चूक माझी आहे, पाटीची नाही.

आज सकाळी ते चौथ्या मजल्यावर चढले. लिफ्ट बंद, वेगळं सांगायला नको. दर जिन्यावर थांबले, पण हात धरू दिला नाही. बाईंनी त्यांना दोनदा स्पष्ट विचारलं की हे लिहून दिलंत तर उद्या तुम्हालाही प्रश्न विचारतील, तुमच्यावरही येऊ शकतं, कळतंय ना? आणि अपील जिंकूच असं मी सांगत नाही, हेही म्हणाल्या. पण बॅग अजून कोर्टाच्या ताब्यात आहे, दोन्ही अस्तरं तिच्यात आहेत, ती न्यायाधीशांपुढे उघडून दाखवता येतील. आप्पा म्हणाले, सही कुठे करायची ते सांगा. त्यांना रेघ दिसत नव्हती. मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं, आणि त्यांनी बोटाच्या आधाराने सही केली, रेघ सोडून थोडी वर.

हे पत्र मी तुला रागवायला बसले नव्हते, ते आपोआप झालं. शुक्रवारी बाई तुझ्याकडे वकीलपत्राचा नवा कागद घेऊन येतील. त्यांच्याकडून एकदम ऐकलंस तर तू पुन्हा मी उसवलं, मी पुसलं सुरू करशील, म्हणून ते तुला आधी घरातून कळावं असं आप्पांनी ठरवलं. मी विचारलं, काय लिहू? ते आता समोर बसलेत, हातात ती कालचीच सुई आहे, आणि त्यांनी सांगितलेलं एवढंच आहे. ठोंब्याला लिही, अस्तर मी शिवलं होतं आणि जुनं काढलं नव्हतं. हे मी सही करून दिलंय, आता त्याने करावी. तुझ्याआधी तिथले साहेब हे पत्र उघडून वाचणार, वाचू देत. बाकी वरचं सगळं माझं आहे, ते हवं तर विसर. त्यांची ही दोन वाक्यं पोचवायला लिहिलंय. फुली मी या वेळी शाईने मारून देतेय.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, तरी तुझीच,
ताई